महाराणी येसूबाई, अथवा पुढारीपण कशाने येते

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर हे ठिकाण पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. शास्त्री नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख. त्याच्या मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी, प्रचितगडाच्या खाली, शृंगारपूर नावाचे गाव आहे. संगमेश्वराचे नाव निघाले की छत्रपती संभाजी महाराज येथे शत्रूच्या हाती पडले, ही गोष्ट सर्वांस आठवते. परंतु त्यानंतर रायगडावर काय घडले, आणि ते ज्यांनी घडवून आणले त्या महाराणी येसूबाई ह्याच मुलखातील कन्या होत्या, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. मनुष्य पुढारी कशाने होतो, असा प्रश्न गावोगावी निघतो. कोणी म्हणतो कुळाने, कोणी म्हणतो पैशाने, कोणी म्हणतो मोठ्या आवाजाने. येसूबाईंचे चरित्र वाचले असता निराळेच उत्तर मिळते, म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

येसूबाई शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातील. पूर्वी तेथे सुर्वे घराण्याचा अंमल होता. इ. स. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तो मुलूख घेतला, तेव्हा पिलाजीराव शिर्के महाराजांच्या पक्षास मिळाले. पुढे हा स्नेह सोयरिकीने पक्का झाला. पिलाजीरावांची कन्या येसूबाई युवराज संभाजीराजांस दिली, आणि महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजीरावांचे पुत्र गणोजी ह्यांस दिली. अशा रीतीने दोन घरांचे दुहेरी नाते जडले.

सासरी येसूबाईंच्या वाट्यास सुखाचे दिवस फार आले नाहीत. इ. स. १६८० च्या एप्रिल महिन्यात शिवाजी महाराज निवर्तले, तेव्हा दरबारातील काही प्रधानांनी संभाजीराजांस बाजूस सारून त्यांचे सावत्र बंधू राजाराम, जे त्या वेळी दहा वर्षांचे होते, त्यांस गादीवर बसविले. संभाजीराजांनी रायगड हस्तगत केला, आणि १६८१ च्या जानेवारीत त्यांस राज्याभिषेक झाला. तेव्हापासून राजाराम रायगडावर नजरकैदेत होते. घरात असा दुभंग, आणि बाहेर सिद्दी, पोर्तुगीज व दक्षिणेत उतरलेला औरंगजेब बादशहा, असे तीन शत्रू. संभाजी महाराजांचा बहुतेक काळ घोड्याच्या पाठीवरच गेला.

अशा वेळी रायगडावरील कारभार येसूबाई पाहत असत. त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती, व तीत त्यांस सखी राज्ञी असे म्हटले होते. हे अधिकार केवळ शोभेचे नव्हते. कोणत्या गडावर धान्य किती, कोणता किल्लेदार भरवशाचा, कोणाचे गाऱ्हाणे खरे व कोणाचे खोटे, हे ज्यास रोज पाहावे लागते त्यास माणसांची पारख येते. सुमारे आठ वर्षे त्यांनी हे काम केले. त्या काळात जगाने त्यांची विशेष वाखाणणी केली नाही. परंतु पुढे जो प्रसंग यावयाचा होता, त्याची तयारी ह्याच वर्षांत झाली.

इ. स. १६८८ च्या अखेरीस त्यांच्या माहेरच्या शिर्क्यांत आणि महाराजांचे मंत्री कवि कलश यांच्यात उघड लढाई झाली. शिर्क्यांचा वतनाविषयीचा असंतोष जुना होता. महाराज स्वतः त्या बाजूस आले व शिर्क्यांचा मोड केला. त्यानंतर ते संगमेश्वरास असता कोल्हापूरच्या बाजूने मुकर्रबखान घाट उतरून अकस्मात आला, आणि १ फेब्रुवारी १६८९ रोजी महाराज व कवि कलश पकडले गेले. येसूबाईंवर हा केवढा आघात झाला असेल, ह्याचा विचार वाचकांनी करावा. पती कैदेत, तेही आपल्याच माहेरच्या मुलखात, भाऊबंद फिरलेले, पदरी सहा वर्षांचा पुत्र शाहू, आणि बादशहाचे सैन्य रायगडाकडे येणार हे उघड दिसत होते.

गडावर प्रश्न उभा राहिला की आता राजा कोण. रीतीप्रमाणे हक्क शाहूचा. आई म्हणून येसूबाईंनी त्याचे नाव पुढे केले असते, तर कोणी दोष दिला नसता, आणि पुत्र लहान असल्याने सत्ता त्यांच्याच हाती राहिली असती. परंतु राज्यास त्या घडीला घोड्यावर बसून गडोगडी फिरणारा राजा पाहिजे होता, पाळण्याजवळचा नव्हे. राजाराम तेव्हा एकोणीस वर्षांचे होत आले होते. ज्यांचे नाव पुढे करून आपल्या पतीचा हक्क बुडविण्याचा यत्न झाला होता, तेच हे दीर. येसूबाईंनी ते जुने वैर मनात ठेविले नाही. राजारामांस कैदेतून काढून त्याच फेब्रुवारी महिन्यात त्यांस गादीवर बसविण्यात आले. त्या वेळी संभाजी महाराज अद्याप जिवंत होते. त्यांचा वध पुढे ११ मार्च रोजी झाला. पती जिवंत असता त्यांच्या जागी दुसऱ्यास बसविण्यास संमती देणे, हे कोणत्या स्त्रीस सोपे गेले असते?

दुसरा प्रश्न ह्याहून कठीण होता. मार्च महिन्यात इतिकादखानाने रायगडास वेढा घातला. सर्व राजकुटुंब एकाच गडावर राहिले, तर गड पडताच सर्वच शत्रूच्या हाती जाणार. बखरकार सांगतात की राजारामांनी बाहेर पडावे आणि आपण शाहूसह गडावरच राहावे, हा विचार येसूबाईंचा होता. त्याप्रमाणे एप्रिलमध्ये राजाराम निसटून प्रतापगडाकडे गेले, तेथून पन्हाळ्यास, व वर्षअखेरीस दूर तमिळ मुलखातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. रामचंद्रपंत अमात्य, प्रल्हाद निराजी, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशा पुरुषांस त्यांच्याभोवती गोळा होऊन लढण्यास अवकाश मिळाला. हा अवकाश रायगडाने मिळवून दिला. येसूबाईंनी गड सुमारे सात महिने झुंजत ठेविला. अखेर नोव्हेंबर १६८९ मध्ये तो पडला, व मायलेक बादशहाच्या छावणीत कैद होऊन गेली.

ह्यापुढील तीस वर्षांची हकीकत थोड्या शब्दांत संपते, परंतु ती भोगणे थोडे नव्हते. बादशाही छावणी जेथे जाई तेथे कैद्यांस जावे लागे. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांस मायेने वागविले, असे इतिहासात नमूद आहे. इकडे राजारामांचा १७०० मध्ये अंत झाला, व त्यांची राणी ताराबाई हिने आपल्या पुत्रास गादीवर बसवून मोठ्या शौर्याने लढा चालविला. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला, आणि त्यानंतर शाहूराजांची सुटका झाली. परंतु येसूबाईंस ओलीस म्हणून ठेवून घेण्यात आले. पुत्र मोकळा झाला, त्याने ताराबाईंच्या पक्षाशी झगडून साताऱ्यास गादी मिळविली, आणि आई आणखी बारा वर्षे कैदेतच राहिली. शेवटी बाळाजी विश्वनाथ पेशवे मराठी फौज घेऊन दिल्लीस गेले, तेव्हा १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदांबरोबर येसूबाईंची सुटका झाली, आणि त्या साताऱ्यास परत आल्या. जाताना सात वर्षांचे मूल हाती होते. परत आल्या तेव्हा ते मूल छत्रपती होते.

वाचकहो, ह्या बाई कधी सिंहासनावर बसल्या नाहीत. त्यांनी फौज घेऊन मैदान मारले नाही. तरीही १६८९ च्या त्या थोड्या आठवड्यांत राज्य कोणी सावरले, असे विचारल्यास त्यांचे नाव घ्यावे लागते. ह्याचे कारण काय? एक तर प्रसंग येण्यापूर्वी त्यांनी लहान कामे मन लावून केली होती. म्हणून प्रसंग आला तेव्हा काय करावे हे त्यांस कळले. दुसरे, गादी कोणाची हा प्रश्न त्यांनी मागे ठेविला, आणि काम कोणाकडून होईल हा पुढे घेतला. तिसरे, दुसऱ्यास सुरक्षित वाट दाखवून धोक्याची जागा त्यांनी आपणाकडे घेतली.

एकाच शिर्के घरातील दोन माणसे पाहा. बंधू गणोजी वतनाच्या वादावरून बादशहास जाऊन मिळाले. भगिनीने आपल्या पुत्राचे राज्यच सोडून दिले. दोघांचे कूळ एक, गाव एक. तेव्हा कुळाने पुढारीपण येते असे म्हणता येत नाही. नवलाची गोष्ट ही की, पुढे १६९८ च्या सुमारास राजाराम जिंजीच्या वेढ्यातून सुटले, त्या वेळी खंडो बल्लाळ चिटणीस यांनी आपले वतन शिर्क्यांस सोडून देऊन त्यांचे साहाय्य मिळविले, असे बखरीत सांगितले आहे. तेथेही कोणीतरी आपले सोडले, तेव्हाच सर्वांचे काम झाले.

आपल्या गावातही जुना कर्ता मनुष्य गेला म्हणजे त्याची जागा रिकामी होते, आणि मानपानाची चर्चा सुरू होते. तेव्हा जो जागेविषयी बोलतो त्याच्याकडे पाहू नये. ज्याने आजवर न सांगता दिवा लावला, हिशेब ठेविला, आजाऱ्याच्या घरी रात्र काढली, आणि ज्यास आपल्याहून योग्य मनुष्य दिसताच त्याचे नाव सुचविता येते, त्याच्याकडे पाहावे. संगमेश्वराच्या वाटेने जाणे झाले तर शृंगारपूरच्या दिशेस क्षणभर पाहावे, आणि ह्या थोर बाईची आठवण करावी.