पिक्चर ट्यूब बनवणाऱ्या माणसाने टीव्ही कधी पाहिलाच नाही

टीव्हीवर मुंग्या आल्या की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असायचं. पण आवाज खणखणीत आणि चित्र मात्र काळंकुट्ट, असं झालं की अँटेनाचा काही उपयोग नसायचा. तेव्हा घरातल्या मोठ्यांना एकच भीती असायची, ती म्हणजे पिक्चर ट्यूब गेल्याची. कारण टीव्हीतला सगळ्यात महागडा भाग तोच.

१९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं पुणेकरांच्या घरात हीच काचेची ट्यूब होती. तिचं मूळ मात्र थेट १८९७ सालात, कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत सापडतं.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. १८७२ मध्ये बर्लिनला डॉक्टरेट मिळवली आणि पुढे लाइपझिगच्या शाळेत शिकवायला लागले. १८७४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की काही खनिजांच्या खड्यांमधून वीज एकाच दिशेने नीट वाहते. आजच्या डायोडची सुरुवात इथून झाली.

१८९५ पासून ते स्ट्रासबर्गला प्राध्यापक होते. तिथे त्यांना वेगळीच अडचण होती. विजेचा प्रवाह सेकंदाला कित्येकदा बदलतो, तो डोळ्यांना दिसणार कसा? त्यांनी काचेची लांब नळी घेतली. तिच्या एका टोकाकडून निघालेले कॅथोड किरण दुसऱ्या टोकाच्या चकाकणाऱ्या पडद्यावर आदळायचे आणि तिथे ठिपका उमटायचा. बाहेर ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की ठिपका हलायचा. झाली ब्राऊन ट्यूब तयार! त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. माहिती सरळ छापून टाकली, म्हणजे कुणीही ती बनवू शकत होतं.

मग चित्र अंधारं का होतं?

याचं उत्तर त्या ठिपक्यातच आहे. ठिपका उजळ व्हायला तीन गोष्टी लागतात: भरपूर इलेक्ट्रॉन, त्यांना जोराने खेचणारा मोठा व्होल्टेज आणि चमकणारा पडदा. ब्राऊन यांच्या नळीत कॅथोड थंडच असायचा. आर्थर वेहनेल्ट या शास्त्रज्ञाने नंतर तापवलेला, खास लेप दिलेला कॅथोड वापरला आणि इलेक्ट्रॉन सहज मिळायला लागले.

आपल्या टीव्हीत हाच लेप वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतो. मग टीव्ही लावल्यावर चित्र यायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि आलं तरी फिकट, मळकट दिसतं. मेकॅनिक आधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टची बटणं बघायचा. मग ट्यूबच्या मानेत फिलामेंटचा नारिंगी उजेड दिसतोय का, ते पाहायचा. उजेड नसेल तर फिलामेंट तुटलेलं किंवा त्याचा पुरवठा बंद. उजेड असूनही पडदा काळा असेल, तर एलओटीकडून मोठा व्होल्टेज येतोय का, हे तपासायचा. म्हणजे चित्र काळं झालं म्हणून दर वेळी ट्यूबच गेलेली असते असं नाही.

नोबेल मिळालं, पण घर लांबच राहिलं

ब्राऊन यांना १९०९ चं नोबेल मार्कोनी यांच्यासोबत विभागून मिळालं, पण ट्यूबसाठी नाही, तर बिनतारी संदेशवहनासाठी. त्यांच्या सर्किटमुळे संदेश जास्त लांब पोहोचू लागले होते.

याच बिनतारी तंत्रज्ञानाने त्यांना अडचणीत आणलं. न्यूयॉर्कजवळ सेव्हिल इथे जर्मन कंपनीचं केंद्र होतं आणि त्यावरून मार्कोनी कंपनीसोबत पेटंटचा वाद पेटला होता. त्यात साक्ष द्यायला ब्राऊन १९१४ च्या अखेरीस निघाले. तेव्हा वय ६४, तब्येत बरी नव्हती आणि पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. तिकडे पोहोचले, पण युद्धामुळे परत येता आलं नाही. १९१७ मध्ये अमेरिकाही जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि ब्राऊन शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. २० एप्रिल १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांचं निधन झालं. युद्ध संपायला अजून सात महिने बाकी होते.

ज्या शोधाच्या पेटंटसाठी ते समुद्र ओलांडून गेले, त्याने त्यांना घरापासून तोडलं. ज्याचं पेटंटच घेतलं नव्हतं, ती ट्यूब जगभर गेली. १९२६ मध्ये जपानच्या केंजिरो ताकायानागी यांनी तिच्यावर एक अक्षर उमटवून दाखवलं. जपानमध्ये टीव्हीच्या ट्यूबला आजही ब्राऊन यांचंच नाव आहे.

तुमच्या माळ्यावर असा जुना टीव्ही असेल तर एक लक्षात ठेवा. रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये २० हजारांहून जास्त व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ साठून राहतात. बटणं फिरवून बघा, पण मागचं झाकण जाणकार मेकॅनिकलाच उघडू द्या.