सयाजीराव महाराज आणि काटा-सुरी

सयाजीराव महाराजांची ग्रंथालये, त्यांचे सक्तीचे शिक्षण, यांविषयी आम्ही बडोदेकर पुष्कळ बोलतो. या वेळी त्यांच्या जेवणाच्या टेबलाकडे वळू या.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरात 1863 साली जन्मलेले गोपाळराव मे 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. वय बारा, अक्षरओळख जेमतेम. दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक इलियट यांनी त्यांना घडवायला घेतले. माधवरावांनी त्यांना राज्यकारभार आणि राजाचे वर्तन यांवर जी व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपात आहेत. इंग्रज रेसिडेंटाची सतत नजर असलेल्या संस्थानात टेबलावर जेवण्याची रीतही ओघानेच शिकावी लागे.

ही रीत सोपी नव्हे. काटा डाव्या हातात, त्याचे दात खाली. सुरी उजव्या हातात, आणि ती तोंडाकडे न्यायची नाहीच. हत्यारांची रांग मांडलेली असते, तिच्यातले बाहेरचे आधी उचलायचे. सूपचा चमचा आपल्यापासून पलीकडे लोटत भरायचा आणि आवाज न करता कडेने प्यायचे. जेवण झाले की काटा-सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढप्याला न सांगता कळते. आपल्या पानालाही असेच व्याकरण आहे म्हणा: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. पण ज्या घरात डावा हात अन्नाला लावत नाहीत, तिथल्या मुलाने डाव्या हाताने घास तोंडात घालायचा! आमच्या मते खरी अडचण इथे होती, सुरीच्या धारेत नव्हती.

आणि प्रश्न नुसत्या हाताचा नव्हता. पंगत जातीप्रमाणे बसे. कोणाच्या शेजारी बसून जेवलात, यावर माणसाची जात राही किंवा जाई. समुद्र ओलांडणे हाही दोषच. झोप न येण्याच्या विकाराने बेजार झालेले महाराज 1887 साली पहिल्यांदा युरोपात गेले, आणि मग पुनःपुन्हा जात राहिले.

इतकी रीत आत्मसात केलेल्या या राजावर 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात बेअदबीचाच ठपका आला. पंचम जॉर्ज बादशहापुढे तीन वेळा लवून, पाठ न दाखवता मागे सरायचे, असा शिरस्ता. निजामानंतर पाळी आलेले महाराज एकदाच लवले आणि वळून चालू लागले. दागिनेही मोजकेच होते. विलायतेतल्या वृत्तपत्रांनी काहूर उठवले. महाराजांनी व्हाइसरॉयला खुलाशाचे पत्र लिहिले, त्यात गोंधळल्याचे कारण दिले. बडोद्यात मात्र हा गोंधळ होता की आणखी काही, याची चर्चा कधी मिटली नाही. घाईने निकाल देऊ नये, असे आम्हांला वाटते. पण टेबलावर इतका सावध असलेला माणूस तिथेच नेमका गोंधळला, हे पटायला जरा जडच जाते.

त्याच महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. आंबेडकर 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राजवाड्यात काटा-सुरी रुळून कितीतरी वर्षे झाली होती. पण कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबूनच टाकत. तिथे त्यांना प्यायला पाणी मिळेना, आणि गावात बिऱ्हाडाला जागा मिळेना. पारशी नावाने ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही त्यांना बाहेर काढले गेले. त्या दिवशी ते कमाटी बागेत ज्या वडाखाली बसले, त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. आमच्यापैकी बरेच जण तिच्यावरून रोज ये-जा करतात.