सेवेची शाळा काढणारा हेडमास्तर

दहावी-बारावीच्या वयाच्या मुलामुलींनी सुटीत परदेशी जावे, तेथील एखाद्या कुटुंबात राहावे, गावातील शाळेची भिंत उभारावी किंवा वृद्धाश्रमात मदत करावी, ही कल्पना आता शहरी मध्यमवर्गालाही अपरिचित राहिलेली नाही. अशा उपक्रमांच्या जाहिराती असतात, शुल्क असते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते. त्याबरोबरच एक बोचरा प्रश्नही विचारला जातो. या सेवेचा लाभ नेमका कोणाला होतो, गावाला की पाहुण्या मुलांना? हा प्रश्न ज्याच्या आयुष्याशी घट्ट बांधला गेला आहे, तो जर्मन शिक्षक म्हणजे कुर्ट हान.

हान यांचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील उद्योगपती होते, घरात कशाची ददात नव्हती. मात्र वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना तीव्र उष्माघात झाला आणि त्याचे परिणाम जन्मभर राहिले. प्रखर ऊन त्यांना सोसत नसे. कित्येक महिने त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. पुढे ते बाहेर पडताना रुंद काठाची हॅट वापरत. शिक्षणासाठी ते ऑक्सफर्डला गेले, जर्मनीतील अनेक विद्यापीठांतही शिकले, परंतु पदवी त्यांनी एकीकडूनही घेतली नाही. उन्हाळ्यात ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील मॉरे या थंड किनारपट्टीवर जाऊन राहत. परक्या देशात, परक्या माणसांच्या सहवासात काढलेल्या या दिवसांनी त्यांना घडविले. ज्या किनाऱ्यावर ते आजारी तरुण म्हणून विसावले, तेथेच पुढे त्यांना निर्वासित म्हणून आसरा मिळणार होता.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हान जर्मनीत परतले. परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी वृत्तपत्रांचे वाचन व विश्लेषण हे त्यांचे काम होते. युद्धाच्या अखेरीस ते प्रिन्स मॅक्स फॉन बाडेन यांचे निकटचे सहकारी झाले. मॅक्स हे जर्मन साम्राज्याचे शेवटचे चॅन्सेलर. साम्राज्य कोसळले, मॅक्स आपल्या सालेम येथील वाड्यात परतले आणि तेथेच १९२० मध्ये या दोघांनी एक निवासी शाळा सुरू केली. कॉन्स्टन्स सरोवराजवळचा हा वाडा पूर्वी ख्रिस्ती मठ होता. पराभूत आणि कडवट झालेल्या देशात जबाबदार नागरिक कसे घडवायचे, हा या शाळेपुढचा प्रश्न होता.

हान यांच्या मते आधुनिक जीवनाने तरुणांची सहा प्रकारे हानी केली होती. शरीर दुबळे झाले होते, पुढाकार घेण्याची वृत्ती आटली होती, स्मरण व कल्पनाशक्ती क्षीण झाली होती, हातातले कसब आणि कामातली काळजी नाहीशी होत होती, आत्मसंयम सुटला होता आणि सर्वांत वाईट म्हणजे करुणा उरली नव्हती. त्यावर सालेममध्ये जे उपाय योजले गेले, ते साधे होते. सकाळच्या तासांच्या मध्येच मुले धावण्या-उड्या मारण्याच्या सरावासाठी मैदानावर जात. प्रत्येकाला रोजच्या नेमांचा एक तक्ता दिलेला असे. रात्री तो त्याने स्वतःच प्रामाणिकपणे भरायचा, शिक्षक तपासणार नाहीत. विश्वास टाकल्याशिवाय मूल विश्वासू होत नाही, ही त्यामागील भूमिका होती.

या भूमिकेची कसोटी लवकरच लागली. ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा या गावी नाझी टोळीने एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईच्या देखत ठार मारले. दोषींना शिक्षा होताच हिटलरने त्यांना जाहीर पाठिंबा दिला. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून कळविले की, सालेम आणि हिटलर यांपैकी एकाचीच निवड त्यांना करता येईल. ज्यू हेडमास्तराने त्या काळी असे लिहिणे म्हणजे संकटाला घरी बोलावणेच होते. मार्च १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांच्यासह अनेकांनी रदबदली केल्यावर त्यांची सुटका झाली आणि जुलैमध्ये त्यांनी देश सोडला. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते.

१९३४ मध्ये मॉरेच्या किनाऱ्यालगत गॉर्डन्स्टन ही शाळा उभी राहिली. सुरुवातीच्या मोजक्या विद्यार्थ्यांत सालेमहून आलेला ग्रीक राजपुत्र फिलिप होता. तोच पुढे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा पती झाला. जवळच्या कोळीवस्तीतील मुलांनाही हान यांनी शाळेत जागा दिली. समुद्रकिनाऱ्यावर एक टेहळणीची झोपडी होती. वादळी रात्री तटरक्षकांच्या मदतीला शाळेची मुले तेथे पाळीने पहारा देत. हा पहारा म्हणजे खेळ नव्हता. समोरच्या पाण्यात खरोखर माणसे होती आणि पहारेकऱ्याला डुलकी लागली तर त्याचे परिणाम इतरांना भोगावे लागले असते. आपली कोणाला तरी खरीखुरी गरज आहे, या जाणिवेने किशोरवयीन मुलगा जितका बदलतो, तितका तो उपदेशाने किंवा शिक्षेने बदलत नाही, हा हान यांचा अनुभव होता. त्यांच्या शिक्षणविचाराचे सार यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धात गॉर्डन्स्टनची वास्तू लष्कराने घेतली आणि शाळा वेल्समध्ये हलली. तेथे ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांची साथ हान यांना मिळाली. जहाज बुडाल्यावर धडधाकट तरुण खलाशी आधी धीर सोडतात आणि अनुभवी, वयस्कर खलाशी तग धरतात, अशी होल्ट यांची चिंता होती. त्यातून १९४१ मध्ये अबरडोव्ही येथे महिनाभराचे प्रशिक्षण सुरू झाले आणि आउटवर्ड बाउंड ही चळवळ जन्मली. पुढे १९५६ मध्ये राजपुत्र फिलिप यांच्या नावाने तरुणांसाठी जी पुरस्कार योजना सुरू झाली, तिच्यामागेही हान यांचीच प्रेरणा होती.

देशाच्या सीमा ओलांडून सेवेला जाण्याची कल्पना ग्रीसमधील एका आपत्तीतून आकाराला आली. अथेन्सजवळ अनाव्रिता येथे १९४९ मध्ये हान यांच्या विचारांवर आधारलेली शाळा निघाली होती. गॉर्डन्स्टनचेच माजी विद्यार्थी जॉसलिन विन्थ्रॉप-यंग तिचे मुख्याध्यापक होते. ऑगस्ट १९५३ मध्ये आयोनियन बेटांना भूकंपाचे जबर धक्के बसले. केफालोनिया बेटावरील बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. हान यांच्या परंपरेतील निरनिराळ्या देशांच्या शाळांतील विद्यार्थी तेथील अर्गोस्तोली गावी गेले आणि वृद्धांसाठीच्या निवासाच्या बांधकामात त्यांनी श्रमदान केले. महायुद्ध संपून फार वर्षे झाली नव्हती. ग्रीसने जर्मन लष्कराचा ताबा सोसला होता. एकमेकांच्या विरुद्ध लढलेल्या देशांची मुले त्याच भूमीवर एकत्र विटा वाहत होती, याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नव्हती. या अनुभवाच्या स्मृतीतून १९६६ मध्ये, हान यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, अशा शाळांची संघटना बांधण्याचे ठरले. गॉर्डन्स्टनमधील एका वर्तुळाकार इमारतीवरून तिला राउंड स्क्वेअर हे नाव मिळाले. परस्परांच्या देशांत विद्यार्थी पाठविणे, त्यांनी यजमान कुटुंबांत राहणे आणि सेवाप्रकल्पांत काम करणे ही या संघटनेची ओळख झाली. कालांतराने भारतातील शाळाही तिच्या सदस्य झाल्या.

त्याआधी, १९६२ मध्ये, हान यांचे आणखी एक स्वप्न साकार झाले होते. पॅरिसमधील नाटोच्या महाविद्यालयात कालपर्यंतचे शत्रू असलेले अधिकारी एकत्र शिकताना त्यांनी पाहिले होते. प्रौढ सैनिकांना जे साधते ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का साधू नये, या विचाराने त्यांनी एअर मार्शल लॉरेन्स डार्व्हल यांच्या साहाय्याने दक्षिण वेल्समधील सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू केले. किल्ल्याखालच्या ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीचा फरक जगातील सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे. तेथे मुलांना आधी कसून शिकविले जाई आणि मगच बचावकार्यात घेतले जाई. पहिले मुख्याध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होअर यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून टणक तळाची, हवा भरलेल्या रबरी कडांची बोट तयार केली. तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौकासंस्थेला नाममात्र एका पाउंडात देण्यात आले. आज जगभरच्या बचावपथकांत दिसणाऱ्या अशा बोटींच्या विकासाला येथूनच मोठी गती मिळाली. १९६३ ते २०१३ अशी पन्नास वर्षे त्या संस्थेचे बचावकेंद्र या कॉलेजच्या आवारात होते.

हान यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. ते एककल्ली होते, शाळेवर त्यांची हुकमत चाले. सालेमचे विद्यार्थी आणि पुढे नामांकित इतिहासकार झालेले गोलो मान यांनी त्यांच्याविषयी आदराबरोबरच परखड टीकाही नोंदविली. गॉर्डन्स्टनची कठोर शिस्त सर्वांना मानवली नाही. राजपुत्र चार्ल्स यांचे तेथील दिवस सुखाचे नव्हते, हे सर्वज्ञात आहे. शिवाय शिष्यवृत्त्या देऊनही या शाळा प्रामुख्याने श्रीमंतांच्याच राहिल्या. सर्वांत महत्त्वाचा आक्षेप असा, की हान यांचे लक्ष सेवा करणाऱ्या मुलावर होते. ज्याची सेवा होते त्या माणसाला काय वाटते, हे त्यांनी फारसे विचारले नाही. आजच्या सेवासहलींवर होणाऱ्या टीकेचे मूळ येथपर्यंत नेता येते.

तथापि, त्या टीकेचे उत्तरही त्यांच्याच कामात सापडते. हान यांच्या शाळांत सेवेआधी प्रशिक्षण होते, काम गरजेचे होते आणि जबाबदारी रोजची होती. टेहळणीच्या झोपडीत दोन आठवड्यांसाठी येऊन छायाचित्र काढून जाणारा पाहुणा उपयोगाचा नव्हता. वादळ येईल त्या रात्री हजर असणारा मुलगाच हवा होता. या अटी गाळून केवळ प्रवास आणि प्रमाणपत्र उरले, तर त्याला हान यांचे नाव लावता येणार नाही.

प्रकृतीच्या कारणाने हान यांनी १९५३ मध्ये गॉर्डन्स्टन सोडले आणि ते जर्मनीत परतले. ज्या देशाने हाकलले त्याच देशात, सालेमच्या परिसरात, १४ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. अटलांटिक कॉलेजपासून सुरू झालेली युनायटेड वर्ल्ड कॉलेजांची साखळी १९९७ मध्ये पुणे जिल्ह्यात पोहोचली. मुळशी तालुक्यात पौडजवळच्या टेकडीवर निरनिराळ्या देशांची मुले एकत्र शिकू लागली आणि भोवतालच्या गावांतील काम हा त्यांच्या अभ्यासाचा भाग झाला. या मुलांपैकी कोण किती शिकले, हे परीक्षा सांगतील. ती निघून गेल्यावर त्यांच्या कामाची उणीव गावाला भासते का, हे मात्र गावालाच विचारावे लागेल. हान यांनी अर्धवट सोडलेला प्रश्न तोच आहे.