शितावरून भाताची परीक्षा शास्त्रशुद्ध करणारे महालनोबिस

२९ जून हा दिवस २००७ पासून देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. भारतीय सांख्यिकीचा पाया घालणारे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म १८९३ साली याच दिवशी कोलकाता येथे झाला.

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी संपादन करून ते केंब्रिजला गेले. १९१५ मध्ये मायदेशी परतताना 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे खंड त्यांनी बोटीवरच वाचायला घेतले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. ते भौतिकशास्त्र शिकवीत राहिले; मात्र १९३१ मध्ये त्याच महाविद्यालयात त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली.

१९३७ पासून बंगालमधील तागाच्या लागवडीचा अंदाज घेण्याचे काम त्यांनी हाती घेतले. प्रत्येक शेत मोजणे खर्चिक व वेळखाऊ होते. मोजकीच शेते पाहावयाची, तर ती कोणती, हा खरा प्रश्न होता. सोयीची किंवा रस्त्यालगतची शेते निवडल्यास निष्कर्ष एकांगी ठरतो. म्हणून निवड यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. मुख्य पाहणीपूर्वी लहान पथदर्शी पाहणी करण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली.

नमुना योग्य असला, तरी मोजणारा माणूस चुकू शकतो. यावर त्यांनी उपाय योजला. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने निवडून ते दोन वेगळ्या पथकांकडे सोपवायचे. दोन्ही अंदाज जवळपास जुळले, तर विश्वास वाढतो. तफावत मोठी असेल, तर चूक शोधावी लागते.

या पद्धतीचे मोल केवळ पिकांपुरते नव्हते. १९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळानंतर संस्थेने गावोगावी नमुना पाहणी केली. भूमिहीन मजूर, मच्छीमार यांसारख्या दुर्बल घटकांना सर्वाधिक झळ बसल्याचे चित्र त्यातून पुढे आले.

१९५० मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही त्यांच्याच प्रतिमानावर आधारलेला होता. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले.

२८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. मोजक्या कुटुंबांना प्रश्न विचारून कोट्यवधींच्या राहणीमानाचा अंदाज बांधण्याची, आणि त्या अंदाजातील चूकही मोजण्याची शिस्त त्यांनी देशाला दिली.