साष्टीचे पुराणकार फादर स्टीफन्स

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील चाकरांचा दाखला शब्बाथशाळेत आपण नेहमी शिकवतो. ज्याने धन जमिनीत पुरले, त्याने चोरी केली नव्हती. त्याने फक्त श्रम टाळले होते. मिळालेल्या दानासाठी श्रम किती करावे लागतात, हे पाहायचे तर आम्हांला गोव्याबाहेर जावे लागत नाही.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडात झाला. जेझुइट संघात दाखल होऊन ते १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यांचा पंथ आपल्याहून वेगळा, पण त्यांचा कित्ता सर्वांनी गिरवण्याजोगा आहे.

भाषेची जाण हे त्यांना देवाने दिलेले दान. परंतु येथे उतरले तेव्हा येथील भाषा त्यांना कोठे येत होती? साष्टीच्या लोकांत राहून ते कोकणी शिकले. मराठी काव्याचा त्यांनी अभ्यास केला. आमच्या कोरगावात व सगळ्या पेडण्यात घरी कोकणी आणि भजनाला, पोथीला मराठी ही रीत आहे. स्टीफन्स यांनी तीच रीत ओळखली. कोकणीचे व्याकरण व प्रश्नोत्तरी त्यांनी लिहिली, आणि पुराण मात्र मराठीत रचले.

त्या पुराणाची गरजही खरी होती. पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांना बंदी होती. नव्या ख्रिस्ती लोकांनी वाचावे काय, गावे काय? त्यांच्या रिकाम्या हातांत स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ठेवले. उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनी लोकांच्या ओळखीच्या ओवीत गायिली. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. गोव्यात पाऊल ठेवल्याला तेव्हा ३७ वर्षे झाली होती!

१६१९ साली ते प्रभूमध्ये झोपी गेले. त्यांचे कोकणी व्याकरण छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते १६४० साली निघाले. पुढे १६८४ साली सरकारने लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरी पुराण मेले नाही. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी ते जपले व १९०७ साली ते तेथे पुन्हा छापले गेले. नंतर आपल्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये त्याची देवनागरी हस्तलिखिते सापडली.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीत कोणाचा गळा गोड आहे, कोणी मुलांना गोष्ट रंगवून सांगतो, कोणी हिशेब चोख ठेवतो. पण दान मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. पेटीवर रोज बसावे लागते. रविवारचा धडा शनिवारी रात्री नव्हे, आठवडाभर तयार करावा लागतो. शिवाय दान आपल्या सोयीने नव्हे, तर समोरच्याच्या गरजेप्रमाणे वापरावे लागते. फळ आपल्या हयातीत दिसेल की नाही, हे धन्याकडे सोपवावे. आपल्याकडे हिशेब मागितला जाईल तो श्रमांचा.