किटलीच्या पलीकडचा जेम्स वॉट

आपल्या रूममधल्या बल्बवर, इस्त्रीवर, मेसच्या मिक्सरवर एका माणसाचं नाव छापलेलं असतं. जेम्स वॉट! छोट्या जेम्सने किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेच्या इंजिनाचा शोध लागला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. गोष्ट छान आहे, पण इंजिन त्याच्या जन्माआधीच होतं! थॉमस न्यूकॉमेनचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं. मग वॉटने केलं काय?

त्याचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक इथे झाला. पुढे तो ग्लासगो विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट मेकर झाला. १७६३ च्या हिवाळ्यात न्यूकॉमेन इंजिनाचं एक मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. ते चार स्ट्रोक मारून बंद पडायचं. कारण प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडर वाफेने तापायचा आणि लगेच गार पाण्याने थंड केला जायचा. बरीचशी वाफ तो परत तापवण्यातच फुकट जायची. १७६५ मध्ये एका रविवारी फिरताना वॉटला उत्तर सुचलं. वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करायची आणि सिलिंडर कायम गरम ठेवायचा. हाच तो सेपरेट कंडेन्सर.

इथे मला एक गंमत वाटते. मराठीत आपण सगळ्यालाच ‘शोध’ म्हणतो. त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांना सुप्त उष्णता सापडली, ती डिस्कव्हरी. वॉटचा कंडेन्सर हे इन्व्हेन्शन. पण कल्पनेचं रोज चालणारं, विकलं जाणारं यंत्र होणं म्हणजे इनोव्हेशन, आणि त्याला अकरा वर्षं लागली!

कारण अचूक गोल सिलिंडर कोणाला बनवताच येत नव्हता. पिस्टनच्या कडेने वाफ गळायची. १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण पोट भरायला वॉट कालव्यांचे सर्व्हे करत हिंडत होता. १७७३ मध्ये भागीदार जॉन रोबकचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी पत्नी मार्गारेट वारली. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता.

मग बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला. तोफा कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनने आपल्या बोअरिंग मशीनवर हवा तसा सिलिंडर कोरून दिला आणि १७७६ मध्ये इंजिनं कामाला लागली. मोबदला ठरला वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश! पुढे घोड्यांच्या जागी इंजिन घेणाऱ्यांना समजावं म्हणून त्याने हॉर्सपॉवरचं माप ठरवलं, मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पार्लमेंटने पेटंट १८०० पर्यंत वाढवून दिलं होतं. त्याच्या जोरावर वॉट-बोल्टननी इतरांना कोर्टात खेचलं. जास्त दाबाच्या वाफेला तर वॉटचा विरोधच होता. ते काम रिचर्ड ट्रेव्हिथिकने पुढे नेलं आणि १८०४ मध्ये रुळांवर इंजिन धावलं.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी वॉट गेला. १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला त्याचं नाव मिळालं. आज ७४६ वॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर, हे आपण व्हायवाला घडाघडा सांगतो. पण पुढच्या वेळी कोणी शोध ‘लागला’ म्हटलं, तर एवढंच विचारा, की सिलिंडर कोणी कोरला?