ॲशर बेंजामिन

ॲशर बेंजामिन (१५ जून १७७३ – २६ जुलै १८४५) हे अमेरिकन वास्तुविशारद, बांधकाम व्यावसायिक व लेखक होते. सुतार आणि गवंड्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या सात मार्गदर्शक ग्रंथांमुळे नवअभिजात वास्तुशैली अमेरिकेच्या लहान गावांतील घरांपर्यंत पोहोचली.

प्रारंभिक जीवन

बेंजामिन यांचा जन्म कनेटिकट राज्यातील हार्टलँड या खेडेगावात झाला. बांधकामाचे शिक्षण त्यांना विद्यापीठात नव्हे, तर स्थानिक कारागिरांच्या हाताखाली मिळाले. हार्टफर्ड येथे चार्ल्स बुलफिंच यांच्या आराखड्यानुसार बांधल्या जात असलेल्या राज्यभवनात त्यांनी वर्तुळाकार जिना उभारला. त्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफिल्ड येथे काम केले. तेथील लेव्हिट-हव्ही हाउस (१७९७) हे त्यांच्या सुरुवातीच्या घरांपैकी एक आहे.

ग्रंथलेखन

त्या काळी अमेरिकेत वापरले जाणारे वास्तुग्रंथ मुख्यतः इंग्लंडमधून येत. ते महाग असत आणि त्यांतील बरेचसे नमुने मोठ्या दगडी इमारतींसाठी होते. न्यू इंग्लंडमधील घरे मात्र बहुधा लाकडाची असत. ही अडचण ओळखून बेंजामिन यांनी १७९७ मध्ये ग्रीनफिल्ड येथे ‘द कंट्री बिल्डर्स असिस्टंट’ प्रसिद्ध केले. त्यातील अनेक आकृत्या विल्यम पेन या इंग्रज लेखकाच्या ग्रंथांवर आधारित असल्या, तरी अमेरिकन लेखकाने लिहिलेला हा वास्तुकलेवरील पहिला ग्रंथ मानला जातो.

‘द अमेरिकन बिल्डर्स कंपॅनियन’ (१८०६) हा ग्रंथ त्यांनी डॅनियल रेनर्ड यांच्यासह लिहिला. त्यात त्यांनी स्तंभांची प्रमाणे अधिक सडपातळ केली. त्यामुळे लाकूड व मजुरी यांची बचत होत असे. या ग्रंथाच्या १८२७ च्या आवृत्तीत त्यांनी ग्रीक स्तंभप्रकारांचा समावेश केला, तर ‘द प्रॅक्टिकल हाउस कार्पेंटर’ (१८३०) या ग्रंथाने ग्रीक पुनरुज्जीवन शैलीच्या प्रसारास मोठा हातभार लावला.

वास्तुकार्य

व्हरमाँटमधील विंडसर येथील ओल्ड साउथ चर्च (१७९८) बांधल्यानंतर काही वर्षांनी ते बॉस्टनला स्थायिक झाले. तेथील ओल्ड वेस्ट चर्च (१८०६) व चार्ल्स स्ट्रीट मीटिंग हाउस (१८०७) आजही उभी आहेत. त्यांनी आराखडा केलेले सात मजली एक्स्चेंज कॉफी हाउस मात्र १८१८ मध्ये आगीत नष्ट झाले. केवळ वास्तुकलेवर त्यांचा चरितार्थ चालला नाही. काही काळ त्यांनी रंगांचे दुकान चालवले आणि १८२० च्या दशकात न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे कापडगिरणीच्या कंपनीत नोकरी केली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

दारावरील पंख्याच्या आकाराची खिडकी, स्तंभांची ओसरी, छताखालील कंगोरे, शेकोटीभोवतीची चौकट यांच्या मोजमापांसह आकृत्या या ग्रंथांत होत्या. गावातील सुतार त्या पाहून ऐपतीप्रमाणे सोपे काम करत. घरमालकाला वास्तुविशारद नेमण्याची गरज उरत नसे. त्यामुळे न्यू इंग्लंडमधील एखाद्या जुन्या घराशी बेंजामिन यांचे नाव जोडताना अडचण येते. केवळ त्यांच्या आकृतीशी जुळणारा दरवाजा हा त्या घराचा आराखडा त्यांचा असल्याचा पुरावा ठरत नाही. ते घर बहुधा त्यांचा ग्रंथ वापरणाऱ्या स्थानिक कारागिराचे असू शकते. अशा बहुसंख्य कारागिरांची नावे आज अज्ञात आहेत.